कर्णबधिर भावाला जॉब मिळतो पण टिकत नाही, कंपनीत आधी जाऊन बोलू का? (कळवा-महापे)

कळवा_ईस्ट

नमस्कार. धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे, 26 वर्षांचा, आयटीआय फिटर, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे. जॉब मिळण्याचा प्रॉब्लेम नाहीये हे आधीच सांगते, नाहीतर सगळे पोर्टलच्या लिंकच पाठवतील. रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात कुठे ना कुठे लागतो तो. पण मग काही महिन्यांनी एखाद्या दिवशी दुपारीच घरी येतो, बॅग टाकतो आणि मोबाईल घेऊन बसतो, की आम्ही समजून जातो.

मागच्या ठिकाणी काय झालं तर शिफ्ट बदलल्याचं लाईनवर तोंडी सांगितलं, याला कोणीच सांगितलं नाही, हा जुन्या टायमाला गेला, सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडला, याने जोरजोरात हातवारे करून सांगायचा प्रयत्न केला तर त्यांना वाटलं अंगावर येतोय. काँट्रॅक्टरचा संध्याकाळी फोन, उद्यापासून पाठवू नका. कामात चूक कोणी काढली नाही, उलट त्याच्या हातचं रिजेक्शन लाईनवर सगळ्यात कमी असायचं असं त्याच्या बाजूचा मुलगाच मला नंतर बोलला.

आता महापेला एका कंपनीत असेंब्लीसाठी बोलावलंय, सोमवारपासून. मी आधी जाऊन बोलू का? कोणाशी? काय सांगू? आई म्हणते गप्प बस, जास्त बोललीस तर घेणारच नाहीत. आणि भाऊ म्हणतो तू गेटपर्यंत पण यायचं नाहीस. प्लीज ज्यांना अनुभव आहे त्यांनीच सांगा.

टीटीसीतला_माणूस

ताई, मी टीटीसीमध्येच (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा) एका कारखान्यात एचआर बघतो, आमच्या असेंब्लीला कर्णबधिर मुलं आहेत म्हणून लिहितोय. पहिलं म्हणजे एचआरशी बोलून थांबू नका. हो, मी स्वतः एचआरमध्ये असून सांगतोय. आम्ही फॉर्म भरून घेणार, वेलकम म्हणणार आणि वर एसीत जाऊन बसणार. त्याचा दिवस कसा जाणार ते लाईनचा सुपरवायझर ठरवतो, आणि बहुतेक वेळा त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की नवीन मुलाला ऐकू येत नाही. तो मागून दोनदा हाक मारतो, मुलगा वळत नाही, झालं, पहिल्याच दिवशी माज आहे असा शिक्का. म्हणून पहिल्या दिवशी एचआर, सुपरवायझर आणि तुमचा भाऊ असे तिघं एकत्र पाच मिनिटं उभे राहतील एवढं मागून घ्या.

तिथे मोजक्याच गोष्टी सांगायच्या. हाक मारायची नाही, समोर यायचं किंवा खांद्याला हात लावायचा. शिफ्ट, सुट्टी, ओव्हरटाईम यातलं जे बदलेल ते तोंडी नाही, व्हॉट्सअॅपवर. मशीनचा किंवा फायरचा अलार्म नुसता वाजत असेल तर त्याच्या जागेवरून दिसेल असा लाईट हवा, आणि फोर्कलिफ्टच्या रस्त्याकडे पाठ करून त्याला उभं करू नका. लाईट बसवायला पैसे लागतात म्हणून टाळाटाळ होईल पण सेफ्टी ऑफिसरच्या कानावर घातलंत तर तो स्वतःची मान वाचवायला करून घेईल.

आणि मदतीला एकच माणूस नको, दोन हवेत. आमच्याकडे एकाला सगळं जमायचं, खुणा बिणा, तो सोडून पुण्याला गेला आणि आमचा मुलगा महिनाभर मुका झाल्यासारखा होता.

कायद्याचं पण सांगून ठेवतो. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा, त्याच्या कलम 21 प्रमाणे समान संधी धोरण खाजगी आस्थापनेला पण करावं लागतं. 20 किंवा जास्त माणसं असतील तर त्यात दिव्यांग भरतीसाठी संपर्क अधिकारी कोण, सोयी काय, ट्रेनिंग काय हे सगळं यायला पाहिजे. कित्येक कंपन्यांत ते कोणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये पडून असतं. तुम्ही नुसतं विचारा, तुमचं धोरण बघायला मिळेल का. भांडायच्या सुरात नाही, पण एकदा विचारलं की समोरचा जरा सरळ बसतो.

अजून एक, पेरोल कोणाचा ते बघा, कंपनीचा की काँट्रॅक्टरचा. लेटर घ्या, ईएसआयसी (कामगार राज्य विमा) नंबर घ्या. ईएसआयसीची पगाराची मर्यादा इतरांना 21,000 आहे, दिव्यांग कर्मचाऱ्याला 25,000. हे काँट्रॅक्टरला माहीत नसतं किंवा माहीत असून माहीत नसतं.

निवांत_डोंबिवलीकर

एवढं सगळं करण्यापेक्षा सरकारी नोकरीला का नाही बसवत? दिव्यांगांना आरक्षण असतं की.

पाच_बावन्नची_वाशी

@निवांत_डोंबिवलीकर, बसवत नाही असं कोणी सांगितलं तुम्हाला. आरक्षण 4 टक्के आहे, आधी 1995 च्या कायद्यात 3 होतं. त्यातला 1 टक्का अंध-अल्पदृष्टीला, 1 कर्णबधिरांना, 1 हालचालीचं अपंगत्व असलेल्यांना, आणि उरलेल्या 1 मध्ये ऑटिझम, बौद्धिक, मानसिक आजार वगैरे सगळे. जाहिरात निघणार, परीक्षा होणार, निकाल लागणार, तोपर्यंत 26 वर्षांच्या मुलाने घरात बसून काय करायचं? फॉर्म भरत राहावं, पण कामाला जाऊन.

मी स्वतः पूर्ण अंध आहे, सरकारी बँकेत आहे, रोज ठाण्याहून वाशी. (दिव्यांग डब्यात चढून दारात उभे राहणारे धडधाकट लोक हा वेगळा धागा होईल, तो मी एक दिवस काढणारच आहे.) टिकण्याबद्दल लिहितो कारण आमच्यासारख्यांची नोकरी जात नाही, पण काम जातं. आमच्याकडे सॉफ्टवेअर बदललं, नवीन स्क्रीनवर माझा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर) नुसतं "बटण, बटण, बटण" वाचायला लागला. कुठलं बटण? तर ते नाही. साहेब चांगला माणूस, मला म्हणाला तुम्ही बसा आरामात, पगार कुठे जात नाही. लोकांना हे ऐकून वाटतं काय नशीब! पण आठ तास नुसतं बसून बघा. बाजूचा आधी चहा विचारतो, मग काम विचारायचं बंद करतो, मग ट्रेनिंगच्या यादीत नाव येत नाही, आणि प्रमोशनच्या वेळी म्हणतात यांना सिस्टीमचा अनुभव नाही.

मी कुठल्या स्क्रीनवर कुठलं बटण वाचत नाही याची यादीच केली आणि आयटीवाल्यांना ईमेल केला, साहेबाला सीसी. बटणांना नावं देणं एवढंच काम होतं. झालं ते, वेळ लागला पण झालं. आणि यात बँकेने माझ्यासाठी एक रुपया सॉफ्टवेअरला घातला नाही, कारण मी वापरतो तो एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मुलांनी सुरू केलेला.

कळवा ताई, तुमच्या प्रश्नावर माझं मत टीटीसीवाल्यांपेक्षा थोडं वेगळं आहे. तुम्ही जाऊ नका. 26 वर्षांच्या माणसाची ताई बोलायला आली की त्याच क्षणी तो लाईनवर सगळ्यांचा "तो बिचारा" होतो, आणि ते परत पुसलं जात नाही. भाऊ नको म्हणतोय ते रागाने नाही, बरोबर म्हणतोय. टीटीसीवाल्यांनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे पण ते त्याने स्वतः सांगायचं. एक कागद करा, मराठी आणि हिंदी दोन्हीत, मोठ्या अक्षरात, त्याच्या नावाने. "मला ऐकू येत नाही. समोर येऊन बोला. बदल असेल तर लिहून द्या." तो त्याने स्वतःच्या हाताने सुपरवायझरला द्यायचा.

सरकारी नोकरीचा एक फायदा मात्र मान्य. कलम 20 मध्ये आहे की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, जमत नसेल तर त्याच पगारावर दुसऱ्या पदावर घ्यायचं. पण ते कलम सरकारी आस्थापनेलाच लागू आहे. खाजगीत कोणी तुम्हाला ते कलम दाखवून धीर देत असेल तर ऐकू नका.

शीवला व्ही. एन. पुरव मार्गावर एटीआयच्या (सरकारी प्रशिक्षण संस्था) आवारात केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठी करिअर सेवा केंद्र आहे, तिथे पण त्याचं नाव नोंदवून ठेवा. पुढेमागे फिटरच्या कामासाठी उपयोगी पडेल, असेंब्लीत त्याचं आयटीआय वायाच जातंय.

हातांनी_बोलतो

मी कर्णबधिर आहे. ऐरोलीत काम करतो. सगळे लिहितात लिहून द्या. थांबा. लिहून दिलं म्हणजे समजलं असं नाही. माझी पहिली भाषा साइन आहे, हातांची भाषा. मराठी मी शाळेत शिकलो, मला जमते. माझ्या मित्रांना खूप जणांना जमत नाही. सुपरवायझर मोठा मेसेज टाकतो. "उद्या जनरल शिफ्टला यायचं नाही सेकंडला या पण ज्यांचं काल झालंय त्यांनी नाही." हे कोणाला समजेल? मित्र सगळ्याला ओके लिहितो. ओके म्हणजे समजलं नाही. पण विचारलं तर लोक हसतात म्हणून ओके.

छोटं लिहा. तारीख. वेळ. फोटो. "12 तारीख, दुपारी 3." बास. कठीण असेल तर व्हिडिओ कॉल करून साइन येणाऱ्या माणसाला दाखवा. ताई तुम्हाला साइन येते का? घरातल्या खुणा नाही, साइन. वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, कर्णबधिरांसाठीची सरकारी, तिथे विचारा. दिल्लीच्या सरकारी साइन केंद्राची डिक्शनरी ऑनलाइन आहे, 10,000 शब्द. सुपरवायझरला 10,000 नको. थांब, उद्या, शिफ्ट, पाणी, मशीन बंद, चांगलं. एवढे दहा शिकला तरी पोरगा खुश.

भाऊ अंगावर गेला नव्हता. आम्ही हात मोठे करतो तेव्हा लोक घाबरतात. आमच्यात तो नॉर्मल आवाज आहे.

खारघर_सेक्टर_सात

मी आई म्हणून लिहिते. माझ्या मुलाचं वेगळं आहे, तो बौद्धिक दिव्यांग आहे, एका ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये काम करतो, ट्रे गोळा करणं, टेबल पुसणं, चमचे मोजून ठेवणं. आधी मला सगळे म्हणायचे अजून ट्रेनिंग द्या, अजून ट्रेनिंग द्या, मेणबत्त्या झाल्या, कागदी पिशव्या झाल्या, फाईली झाल्या. त्या मेणबत्त्या शेवटी आमच्या नातेवाईकांनीच घेतल्या. मग इथे खारघरलाच बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र आहे, तिथे जाणं-येणं सुरू झालं आणि जॉब कोच हा प्रकार कळला. म्हणजे आधी कामावर ठेवायचं आणि तिथेच शेजारी उभं राहून शिकवायचं, मग कोचने हळूहळू लांब जायचं, आधी तास, मग दिवस, मग आठवड्यातून एक फेरी. शिकवणी शाळेत नाही, त्याच कॅन्टीनमध्ये, त्याच चमच्यांवर. घरी शिकवलेलं त्याला तिकडे लागू करता येत नाही, तिकडे शिकवलेलं पक्कं बसतं.

बाई, तुमच्या पोस्टमध्ये मला आमचंच दिसलं, की काम कधीच अडत नाही. आमचं अडलं जेवणाच्या सुट्टीत. कामात व्यवस्थित, पण सुट्टीत कोणाजवळ बसायचं ते कळेना, मग हा कोणाच्याही डब्याजवळ जाऊन उभा, लोक अवघडायचे, तक्रार गेली. कोचने काय केलं तर कोपऱ्यातलं एक टेबल ठरवलं आणि वॉचमनकाकांना विचारलं तुम्ही रोज याच्याबरोबर जेवाल का. संपला प्रश्न. आता काकांची सुट्टी असते त्या दिवशी हा वैतागतो ते वेगळं.

दुसऱ्यांदा अडलं कॅन्टीनचा ठेकेदार बदलला तेव्हा, नव्याला काहीच माहीत नव्हतं, त्याने याला एकदम चहाच्या मशीनवर उभं केलं. म्हणून सांगते, लागला म्हणून निर्धास्त राहू नका. साहेब बदलला, जागा बदलली, मशीन बदललं की परत पहिल्यापासून सांगावं लागतं. कर्णबधिर मुलाला कोच लागणार नाही कदाचित, पण पहिल्या एक-दोन महिन्यात कोणीतरी मधूनमधून विचारायला हवं, त्यालाही आणि सुपरवायझरलाही, आणि ते कोणीतरी बहीण नसलेलं बरं, यात मी पाच बावन्नच्या दादांशी सहमत आहे. ज्या संस्थेतून नाव गेलंय तिथला माणूस असेल तर उत्तम.

कळवा_ईस्ट

सगळ्यांना मनापासून थँक्यू. मी गेले नाही. कागद केला, मराठी-हिंदीत, भावाने माझं अर्धं खोडलं आणि स्वतःचं एक वाक्य घातलं, "माझे हात जोरात हलले तर मी रागावलेलो नाही." @हातांनी_बोलतो तुमची पोस्ट त्याला दाखवली, त्याने दोनदा वाचली आणि मग माझ्याकडे बघून तो "बघ" वाला चेहरा केला. साइन मला येत नाही, घरच्या खुणाच येतात, ते मनावर घेते.

पण नवीनच घोळ झालाय. कंपनीत मोबाईल गेटवरच जमा करायचा असतो! शॉप फ्लोअरवर कोणालाच अलाऊड नाही. म्हणजे व्हॉट्सअॅप, व्हिडिओ कॉल सगळंच बाद. सुपरवायझर बरा वाटला म्हणे, कागद वाचून खिशात ठेवला. आता काय मागायचं?

टीटीसीतला_माणूस

मोबाईलचं आमच्याकडे पण तसंच आहे, ते लक्षातच नव्हतं लिहिताना. दोन गोष्टी होऊ शकतात. एक, लेखी परवानगी, कॅमेऱ्यावर सील लावून फोन आत न्यायची, ही सिक्युरिटीवाले देतात पण एचआर आणि प्लँट हेड दोघांची सही लागते, भावाने त्याच्या यूडीआयडीची कॉपी जोडून अर्ज द्यावा, तोंडी विचारू नये. मिळाली तर नुसती फोटोकॉपी नाही, पासवर नोंद करून घ्या, नाहीतर गेटवरचा गार्ड बदलला की रोज भांडण.

दुसरं आणि लगेच होणारं म्हणजे लाईनच्या सुरुवातीला एक व्हाईटबोर्ड. तारीख, शिफ्ट, मॉडेल नंबर, टार्गेट. सुपरवायझरला सांगायचं हे सगळ्यांसाठीच आहे, कारण खरं तर ऐकू येणाऱ्यांना पण त्या मशीनच्या आवाजात अर्धं ऐकू येत नाही, ते फक्त मान हलवतात. आमच्याकडे बोर्ड लागल्यावर चुकीच्या शिफ्टला येणारे कमी झाले ते सगळे ऐकू येणारेच होते.

हातांनी_बोलतो

बोर्ड चांगला. पण लिहिणार कोण ते नाव ठरवा. आमच्याकडे बोर्ड आहे. त्यावर अजून दिवाळीच्या शुभेच्छा आहेत.

ताई, भावाला सांगा रविवारी ठाण्यात आमचा ग्रुप भेटतो. यायचं असेल तर इथे मेसेज करू दे. तुम्ही नाही, तो.