तिशी आली तरी रूमवरचे मित्र "ही शेवटची पूर्व परीक्षा" म्हणतायत, बोलायचं कसं?

कॉटबेसिस:
सदाशिव पेठेत आम्ही तिघं एकाच रूमवर राहतो, कॉलेज संपल्यापासून एमपीएससीच चालू होतं. मी मध्येच सोडलं, आता एका कंपनीत अकाउंट्सला आहे. बाकी दोघांना या महिन्यात तीस पूर्ण होतायत. एकाचे वडील गुडघ्यांनी बेजार, पेरणीला माणूस मिळत नाही, आई रोज रात्री फोन करते आणि हा मोबाईल सायलेंट करून पालथा ठेवतो. दुसऱ्याचं लग्न जमत नाही, मुलीकडचे आधी पोस्ट विचारतात. विषय काढला की दोघांचं एकच, ओपनला वयाची अट 38 पर्यंत आहे रे, टेन्शन कशाला. जिवाभावाचे आहेत, तोडून बोलायचं नाहीये पण गप्प पण बसवत नाही.

माणदेशी:
38 ही आयोगाची अट झाली भावा, वडिलांच्या गुडघ्यांना ती लागू नाही. आणि 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीये, नऊ पेपर, 1750 मार्क. इतकी वर्षं पर्यायांचे गोळे काळे केलेत, आता हाताने पानंच्या पानं लिहायचीत. उत्तरलेखनाची वही बघ दोघांची. भरलेली असेल तर अजून एक अटेम्प्ट दे म्हण, कोरी असेल तर तो अभ्यास नाही, घरी जायचं टाळणं आहे, आणि हे मित्रानेच सांगायचं असतं.

शेवंता_लातूर:
आमच्या दादाचं सेम होतं. पप्पांनी पोस्ट कधी मागितली नाही, फोन तरी उचल एवढंच म्हणायचे. मग त्याच्या रूममेटने त्याला सोसायटीच्या पीक कर्जाचं काम अंगावर घ्यायला लावलं. 3 लाखांपर्यंतचं वेळेत भरलं तर व्याज पडत नाही, पण तारीख चुकली की सवलत गेली आणि पप्पांना ती धावपळ होत नव्हती. दादा त्यासाठी गावी आला, सातबारा काढला, बँकेत गेला, आणि त्यानंतर रोज स्वतःहून फोन करायला लागला. अभ्यास सोड असं कोणी म्हटलंच नाही त्याला.

पेरूगेट:
सोडा म्हणणं सोपंय हो. 2020 ची पूर्व किती वेळा पुढे गेली, मार्च 2021 मध्ये परत ढकलली तेव्हा आम्ही शास्त्री रोडवर बसलो होतो, ती वर्षं पोरांनी वाया घालवलेली नाहीत. मला 31 व्या वर्षी क्लार्कची पोस्ट मिळाली. पण त्याच्या आधी दुपारपर्यंत एका दुकानात हिशोब लिहायचो आणि मेसचं बिल घरून मागणं बंद केलं होतं. दोघांना आधी तेवढं तरी करायला लाव, आणि शेवटची पूर्व कुठली ते आईवडिलांसमोर ठरवू दे, रूमवर नको.

कॉटबेसिस:
ताई, पीक कर्जाचं डोक्यातच नव्हतं, त्याच्या घरी पण सोसायटीचंच आहे. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, तिघं बाहेर जेवायला जातो, तेव्हा काढतो विषय. वहीचं नंतर बघू, आधी आईला फोन लावायला लावतो.