प्रोटोटाइप इंजिन १५०० आरपीएमला घुमतंय, मदत हवी आहे

रात्रपाळी: आलिशान सेडानमध्ये नवीन इंजिन बसवून रोड टेस्ट चालू आहे. टेस्ट बेडवर (गाडीबाहेर इंजिन तपासायच्या चौथऱ्यावर) इंजिन अगदी शहाणं. रस्त्यावर वरच्या गिअरला १५०० आरपीएम आले की केबिनभर घुम्म्म. मागच्या सीटवर कानात दडे बसतात, कपहोल्डरमधल्या बाटलीतल्या पाण्यावर वलयं उठतात. १८०० नंतर शांत. इंजिनाचे माउंट (खालचे रबरी आधार) दोनदा बदलले. शुक्रवारी साहेब मागे बसणार आहेत. काय बघू?

स्पॅनरबाबा: सिलिंडर किती? टर्बो आहे का? गिअरबॉक्स कोणता?

तेलकट: रनिंग-इनचं तेल काढलंत का? मी कुठल्याही नव्या इंजिनाचं १००० किमीला काढतोच.

रात्रपाळी: तेलाचं विचारलंच नाहीये. फोर, टर्बो. गिअरबॉक्स गाडीचाच, ऑटोमॅटिक.

खडखडाट: फोर ना? बॅलन्स शाफ्ट (पिस्टनचा हादरा मारणारा फिरता वजनी दांडा) घाला, विषय संपला. मी हेच केलं होतं.

स्पॅनरबाबा: कसला संपला! बॅलन्स शाफ्ट ज्यासाठी असतो तो हादरा वेगाच्या वर्गाने वाढतो. १५०० ला आहे त्याच्या नऊपट ४५०० ला हवा. रात्रपाळी, ४५०० ला काय होतं?

रात्रपाळी: काही नाही, मख्खन. न्यूट्रलमध्ये त्याच स्पीडला सोडून दिली तर घुमणं बंद.

स्पॅनरबाबा: म्हणजे दोष टायरचा नाही. आधी या गाडीत कोणतं इंजिन होतं?

रात्रपाळी: सिक्स. त्याचा काय संबंध?

स्पॅनरबाबा: अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! सिक्सचे एका फेरीत तीन ठोके, फोरचे दोन. १५०० ला सिक्स सेकंदाला ७५ वेळा ढकलतं, फोर ५० वेळा, आणि प्रत्येक धक्का मोठा. टॉर्क कन्व्हर्टरमधला (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) पेंड्युलम डॅम्पर, म्हणजे धक्के झेलणारी झुलती वजनं, तिनाच्या हिशोबाने जुळवलेला असणार, दोनाला तो नुसताच लोंबतो. बेडवर ना हा कन्व्हर्टर, ना प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे जाणारा दांडा), ना केबिन. तिथे कळणार कसं? कन्व्हर्टर थेट जखडणारा लॉक-अप क्लच उघडा ठेवून चालवा, धक्के तेलातच मुरतात का बघा.

खडखडाट: माउंटही सिक्सचेच असतील की मग. ते का नाही?

स्पॅनरबाबा: असतील. पण एका वेळी एकच गोष्ट बदला.

जुनीगाडी: अवांतर: क्रायस्लरने १९६३ पासून टर्बाइनच्या ५० गाड्या दोनशेहून अधिक लोकांना तीन-तीन महिने वापरायला दिल्या होत्या. प्रोटोटाइप असा तपासावा! पिस्टनच नाहीत, घुमणार काय?

तेलकट: आणि ॲव्हरेज?

जुनीगाडी: त्याबद्दल वेगळा धागा काढा.

रात्रपाळी: लॉक-अप उघडा ठेवून आत्ताच चाळीस किमी मारून आलो. पाणी आरशासारखं! पण इंधन जास्त खातंय.

स्पॅनरबाबा: खाणारच, कन्व्हर्टर घसरतोय. शुक्रवारपुरतं लॉक-अप १८०० नंतर लावा आणि फोरचा डॅम्पर आजच मागवा.

रात्रपाळी: मागवला. आता निरोप आलाय, साहेब मागे बसणार नाहीत, स्वतः चालवणार. ते कायम मॅन्युअल मोडमध्ये चालवतात. तेव्हा लॉक-अप कुठल्या मॅपवर (कधी लागायचं ते ठरवणाऱ्या तक्त्यावर) चालतो, कोणाला माहितेय?