ज्युरीने बायबल उघडलं म्हणून मृत्युदंड रद्द, पटतं का?

मंदार_ठाणे:
अमेरिकेतली जुनी केस, कोलोरॅडोची, रॉबर्ट हार्लन. अपहरण, बलात्कार, खून. 1995 ला बाराच्या बारा ज्युरर (निकाल देणारे साधे नागरिक) मृत्युदंडावर एकमत. नंतर बाहेर आलं की हॉटेलवर मुक्कामाला असताना बायबल वाचून "डोळ्याच्या बदल्यात डोळा"वाला भाग टिपून घेतला गेला आणि चर्चेच्या खोलीत बायबलच नेलं. खालच्या कोर्टाने मृत्युदंड रद्द केला, आणि 2005 ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने 3 विरुद्ध 2 ने तो रद्दच ठेवला, जन्मठेप. आता तिथला तेव्हाचा कायदाच म्हणायचा की शिक्षा प्रत्येकाने आपापल्या नैतिक बुद्धीने ठरवा, मग ती बुद्धी काय घरी ठेवून यायची? पाठ असलेलं चालतं, छापलेलं नाही!

स्वाती_क:
अहो पण मनातल्या श्रद्धेला कोर्टाने हातच लावलेला नाही, चर्चेत बोलून दाखवा म्हणतात. आक्षेप पुस्तकावर आहे. आत फक्त साक्षीपुरावा आणि जजच्या सूचना जायला हव्यात. समजा एक जण डळमळतोय आणि समोर कोणी बायबलमधल्या लेव्हिटिकस ग्रंथाचं पान उघडून धरलं तर? त्या एकट्याने मृत्युदंडाला नाही म्हटलं असतं तर जन्मठेपच झाली असती. आणि त्या पानाची उलटतपासणी कोण घेणार?

गजू_अमरावती:
बारा मोठी माणसं आहेत, बालवाडी नाही. विरोधातले दोन न्यायमूर्ती हेच म्हणाले की ही वचनं त्यांच्या संस्कारातली किंवा सामान्य ज्ञानातली. बंद खोलीतलं असं उकरत बसलात तर एक निकाल टिकायचा नाही

स्वाती_क:
गजूभाऊ, टेक्सासची ऑलिव्हरची केस बघा. खून करताना त्याने बंदूक डोक्यात हाणलेली, आणि ज्युरीत बायबलमधून वाचलं काय, तर लोखंडी हत्याराने मारणारा खुनी, त्याला मारलंच पाहिजे. 2008 ला फेडरल अपील कोर्ट म्हणालं बाहेरचा प्रभाव होता खरा, पण त्याने निकाल फिरला हे सिद्ध नाही. 2009 ला इंजेक्शन दिलं. कसं सिद्ध करणार होता तो?

विनय_जोशी:
आपल्याकडे ज्युरी नाही म्हणून खूश होऊ नका, सुप्रीम कोर्टाच्या मच्छी सिंग निकालापासून (1983) फाशी ठरवताना "समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी" आहेच की. ती तरी कुठल्या पुराव्यात येते? फक्त जजला कारणं लिहावी लागतात, अपिलात त्यांची चिरफाड होते, हा मोठा फरक.

मंदार_ठाणे:
विनय, मग भांडण ज्युरी कारण देत नाही याच्याशी आहे, बायबलशी नाही. कारणं लिहायला लावा ना, पुस्तक कशाला हिसकावता?