वृद्ध रुग्णांवरील संशोधनात डॉक्टरांचीही पार्श्वभूमी नोंदवावी का?

प्रश्न (निवासी डॉक्टर, पीएसएम म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र विभाग):
साठीच्या पुढील रुग्णांना डॉक्टरांनी दिलेल्या सूचना कितपत समजतात, हा माझ्या एमडीच्या प्रबंधाचा विषय आहे. रुग्णांचे वय, लिंग, शिक्षण व वास्तव्य मी नोंदवणारच आहे. परंतु डॉक्टरांचे वय, लिंग, मातृभाषा आणि अनुभवही नोंदवावा का, याविषयी विभागात मतभेद आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (जैवसांख्यिकी):
अवश्य नोंदवावा. अमेरिकेतील ओकलंड येथे झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कृष्णवर्णीय पुरुषांना कृष्णवर्णीय डॉक्टर मिळाले, तेव्हा त्यांनी प्रतिबंधक तपासण्या अधिक प्रमाणात करून घेतल्या. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या आजींना औषध मराठीतून समजावले जात असेल, तर त्यांना न समजल्याचे खापर केवळ त्यांच्या वयावर फोडणे अन्यायाचे होईल. शिवाय एकाच डॉक्टरांचे अनेक रुग्ण असतील, तर त्यांची उत्तरे परस्परांपासून स्वतंत्र मानता येत नाहीत. विश्लेषणात डॉक्टरनिहाय गट धरावेच लागतील.

उत्तर (क्षेत्रकार्याचा अनुभव):
रुग्णांची माहिती आपण समजता तितकी सरळ मिळणार नाही. कागदपत्रांवर १ जून ही जन्मतारीख दिसली, तर ती शाळेत नाव घालताना अंदाजाने लिहिली गेल्याची शक्यता धरावी. ज्यांनी शाळाच पाहिली नाही, त्यांना १९६७ चा कोयनेचा भूकंप किंवा बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा लग्न झाले होते का, पदरात मूल होते का, असे विचारून वय ठरवावे. शिक्षणाची नोंद तर फार जपून करावी. १९७५ ची मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन ही स्मृती व आकलन तपासणारी चाचणी वाचता-लिहिता येईल असे गृहीत धरते. म्हणूनच हरियाणातील बल्लभगढ येथे निरक्षर वृद्धांसाठी तिचे हिंदी रूप तयार करावे लागले. अक्षरओळख नसणे आणि स्मृती क्षीण होणे यांची गल्लत झाली, तर शहाण्यासुरत्या माणसावर आजाराचा शिक्का बसतो, आणि हे मला अत्यंत गंभीर वाटते.

उत्तर (नैतिकता समिती सदस्य):
डॉक्टरही येथे सहभागी ठरतात, म्हणून त्यांचीही लेखी संमती घ्यावी. विभागात पन्नाशीपुढील एकच महिला डॉक्टर असतील, तर नाव न छापताही त्या ओळखू येतील. अशा वेळी वयोगट मोठे ठेवावेत. तसेच ऐकू न येणारे, सोबतीला कोणी नसलेले आणि नकार देणारे असे किती रुग्ण वगळले गेले, तेही कारणांसह लिहावे. रक्तदाबावरील स्प्रिंट चाचणीत मधुमेही, पूर्वी पक्षाघात झालेले व वृद्धाश्रमात राहणारे रुग्ण नव्हते, ही नोंद स्पष्ट असल्यामुळेच तिचे निष्कर्ष कोणाला लागू करावेत हे डॉक्टरांना ठरवता येते.