पूर्णेचं खारं पाणी आणि माझी केळी : तीन राज्यांच्या नदीतला खार आवरायचा कसा?

पूर्णाकाठ (मुक्ताईनगर तालुका)

राम राम मंडळी.

चांगदेवच्या, म्हणजे तापी-पूर्णेच्या संगमाच्या वरच्या अंगाला, पूर्णेकाठी माझं शेत आहे. दोन एकर कांदेबाग केळी (पावसाळा सरताना लावलेली), टिश्यू कल्चरची रोपं, ठिबकवर. पाणी नदीवरून मोटरनं उचलतो, कमी पडलं तर बोअर. मार्चपासून खालच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. आधी कड पिवळी, मग विटकरी, मग कागदासारखी कुरकुरीत. दुकानदारानं पोटॅश कमी म्हणून म्युरेट ऑफ पोटॅश दिलं, त्यानं करपणं वाढलंच.

परवा खाली बसून नीट पाहिलं. नळीखालची ओल जिथं संपते, तिथं बोटभर रुंद पांढरी कड धरली आहे. चिमूटभर जिभेवर ठेवली, खारट आणि मागून कडवट. माझ्या आजोबांनी याच मातीत नुसत्या पावसावर कापूस आणि ज्वारी काढली, त्यांना ही कड कधी दिसली नसेल.

पाणी तपासून आणलं. नदीचा ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) १.४, बोअरचा २.६, बोअरचा आरएससी (पाण्यातल्या जादा कार्बोनेटचं माप) ३ च्या वर. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शेतात काय करू? आणि दुसरी जास्त छळते. तापी मध्य प्रदेशातून येते, पूर्णा अमरावती-अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातून (जिथं जमिनीखालचं पाणीच खारं आहे) येते, पुढं सगळं गुजरातेत जातं. मग या खाराचं बघायचं कोणी? ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत नद्यांचा खार आवरलाय म्हणतात, तो कसा?

मातीपरीक्षक (निवृत्त, जळगाव)

भाऊ, तीस वर्षं प्रयोगशाळेत माती-पाणी तपासलं, म्हणून सविस्तर लिहितो. आधी तो ईसीचा आकडा किलोत बघा, म्हणजे डोळे उघडतात. ईसी १ म्हणजे हजार लिटरला साधारण ६४० ग्रॅम क्षार. तुमच्या १.४ ला ९०० ग्रॅम झाले. दोन एकरात साडेतीन हजार खोडं, खोडाला सरासरी १२ लिटर धरलं तर दिवसाला ४२ हजार लिटर. म्हणजे रोज ३८ किलो खार तुम्ही स्वतःच्या हातानं शेतात टाकता. पावसाळा सोडून अडीचशे दिवस धरा, साडेनऊ टन. केळ पाणी पिते, खार मागं ठेवते.

ही पांढरी कड तोच खार. आता सगळ्यात महत्त्वाचं. मृगाची पहिली सर पडली की आपण ठिबक बंद करतो. ते करू नका. हलक्या सरीनं कडेचा खार विरघळतो आणि सरळ मुळांकडे सरकतो. एका रात्रीत बाग माना टाकते आणि आपण म्हणतो रोग आला. मोठा पाऊस होऊन जमीन खोलवर भिजेपर्यंत ठिबक चालू ठेवा.

बोअर केळीला बंद करा. आरएससी अडीचच्या वर गेला की ते पाणी जमीन चोपण करतं, माती चिकट होते, पाणी जिरत नाही. चोपणला जिप्सम आहे, पण माती तपासून मात्रा ठरवा. नुसत्या खाराला जिप्सम काही करत नाही, तो चांगल्या पाण्यानं धुऊनच काढावा लागतो, आणि धुतलेलं पाणी जायला चर नसेल तर काळ्या जमिनीत ते तिथंच बसतं. म्युरेट थांबवा, त्यात क्लोराइड असतं. सल्फेट ऑफ पोटॅश द्या. बोअर वापरायचंच असेल तर कापसाला, गव्हाला. ती पिकं सोसतात, केळ सोसत नाही.

आता नदी. धुतलेला खार शेवटी नदीतच जातो. खालचा शेतकरी तेच पाणी उचलतो, पाणी उडतं, खार राहतो. म्हणून नदी जितकी जास्त वापरावी तितकी खाली खारट होत जाते. शिवाय खारपाणपट्ट्याच्या गाळातच मुळात क्षार आहेत, आणि उन्हाळ्यात पूर्णेत पाझरून येणारं पाणी त्याच थरांतलं.

ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग नदी चार राज्यांतून जाते. १९८८ मध्ये त्यांनी एकत्र धोरण केलं. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे खाराची खातेवही. ज्या राज्याच्या योजनेनं नदीत खार वाढेल त्याच्या नावे टाकायचा, कमी होईल तर जमा धरायचा. आणि मोजायचं कुठं? खालच्या टोकाला, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मॉर्गनला, जिथं त्रास होतो तिथं. शंभरातले पंच्याण्णव दिवस पाण्याचा ईसी ८०० च्या खाली हवा. त्यांचे ८०० म्हणजे आपले ०.८. तुमची पूर्णा आज १.४ आहे, यावरून समजा. शिवाय नदीकाठी बोअर मारून खारं भूजल नदीत शिरायच्या आधीच उपसतात आणि लांब तळ्यांत वाळवतात.

अमेरिकेत कोलोरॅडो नदीला सात राज्यं आणि पुढं मेक्सिको. १९६१ पासून अॅरिझोनातल्या निचऱ्याचं खारं पाणी मेक्सिकोच्या मेक्सिकाली खोऱ्यात जाऊ लागलं, तिथली पिकं जळाली, भांडण दोन देशांपर्यंत गेलं. १९७३ ला तोडगा, १९७४ ला कायदा. पाणी गोडं करायचा मोठा कारखाना यूमाला १९९२ मध्ये पूर्ण झाला, तो जवळजवळ चाललाच नाही. खार कमी झाला तो वरच्या शेतांत कालव्यांना अस्तर आणि तुषार सिंचन केल्यानं. पाणी कमी झिरपलं, खालच्या थरांतले क्षार कमी धुपले. पॅराडॉक्स नावाच्या दरीत खारं पाणी खोल जमिनीत ढकलायची विहीर केली, तिथं भूकंपाचे धक्के बसायला लागले. माझं मत स्पष्ट आहे : खार नदीत शिरायच्या आधी अडवावा, नंतर काढत बसू नये.

आपल्याकडे १९५६ चा नदी मंडळ कायदा आहे, त्याखाली आजवर एकही मंडळ झालेलं नाही. राज्यं बसली की टीएमसीवर, म्हणजे किती पाणी कोणाला यावर बोलतात, क्षारावर कोणी बोलत नाही. मोजायला नवं काही बांधायलाही नको. केंद्रीय जल आयोगाची केंद्रं बुऱ्हाणपूरला तापीवर, येरळीला पूर्णेवर, भुसावळला आणि सारंगखेड्याला आहेतच. या चार ठिकाणचे आकडे महिन्याला एका कागदावर आले तरी कुठून किती टन येतो ते दिसेल.

उधना-सुरत

मी मूळचा अमळनेरचा, वीस वर्षं सुरतेत. खालच्या टोकाचं सांगतो. इथं समुद्राची भरती तापीत चढते. ती अडवायला १९९५ मध्ये सिंगणपोर-रांदेरला बंधारा बांधला, त्याच्या वर शहराचं पिण्याचं पाणी. उकाई-काकरापारच्या लाभक्षेत्रात तर कालव्याचं गोडं पाणी भरपूर देऊनही जमिनी पाणथळ आणि खारट झाल्या, निचरा नव्हता म्हणून. १० मे २०२५ ला मध्य प्रदेश-महाराष्ट्राचा तापी मेगा रिचार्जचा, म्हणजे तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या योजनेचा करार झाला. पाणी खारपाणपट्ट्यात पोचलं तर आनंदच आहे. पण निचऱ्याचं आधी बघा, नाहीतर खालचं खारं पाणीच वर चढेल.

शिंदखेडा

दादा, आमना गावले बी हाच त्रास शे. मी तीन एकर चोपण जमिनीत जिप्सम टाकलं, पहिल्या वर्षी काहीच फरक नाही. दुसऱ्या वर्षी बांधाला कंबरभर खोल चर खणून नाल्यात सोडला, तेव्हा पावसाचं पाणी जिरायला लागलं. पैसे आधी चरावर घाला, मग जिप्समवर.

पूर्णाकाठ

मातीपरीक्षक काका, ३८ किलोचा हिशेब घरात वाचून दाखवला, सगळे गप्प झाले. बोअरचा व्हॉल्व्ह आज बंद केला. शेततळ्याचा अर्ज करतो, पावसाचं पाणी धरून उन्हाळ्यात नदीच्या पाण्यात मिसळीन. शिंदखेड्याच्या भाऊंनी सांगितलेला चर शेजाऱ्याच्या बांधावरून न्यावा लागेल, त्याच्याशी बोलतोय. त्याच्याही पानांच्या कडा करपल्यात. ईसीचं मीटर कुठून घ्यावं?

मातीपरीक्षक

लगेच घेऊ नका. माझं जुनं आहे, रविवारी घेऊन येतो. संगमावर मोजून उपयोग नाही, तिथं हतनूर धरणाचं फुगलेलं पाणी दोन्ही नद्या एकत्र करतं. फुगवट्याच्या वर जाऊ. दोन बाटल्या त्याच नदीच्या पाण्यानं तीनदा विसळून घ्या, एक पूर्णेची, एक तापीची. शेजाऱ्यालाही बोलवा. तारीख, वेळ, पाण्याची पातळी वहीत लिहू, आणि मेअखेर परत मोजू.