मदत हवी आहे: किशोरवयीन मुलीसाठी थेरपिस्ट, कोल्हापूर

नमस्कार मंडळी. माझी भाची दहावीत आहे, राजारामपुरीत राहते. भर मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची, तेव्हा ताईला शंका आली. ती स्वतःला इजा करून घेते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन केला, त्यांनी ताईला धीर दिला. आता नियमित थेरपी हवी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांच्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या उपचारपद्धतीबद्दल वाचलं: मन उसळलं की इजा न करता ती वेळ कशी काढायची हे शिकवतात, किशोरवयीनांच्या बाबतीत पालकांनाही सोबत बसवतात. कोल्हापूर-सांगलीकडे हे करणारं कुणी माहीत आहे का? ऑनलाइन चालेल, पण मराठीतून. फीचाही अंदाज द्या. 'नाटकं करते', 'बाहेरचं बघून घ्या' हे सल्ले नकोत, ते आजीकडून भरपूर मिळालेत.