कॉलेज 'ग्रीन' करायचं तर सुरुवात कुठून करायची?

हिरवी_वाट: आमच्याकडे पर्यावरण समिती झालीये, विद्यार्थ्यांतर्फे मला घेतलंय. दोन मीटिंगा झाल्या, दोन्ही झाडं, पोस्टर आणि प्लास्टिकच्या बाटल्या यातच संपल्या. हे हवंच, पण खरा फरक कशाने पडतो? मोठ्या युनिव्हर्सिट्या काय करतात कुणाला माहितीये का?

लॅबवाली: आधी प्रत्येक बिल्डिंगला वेगळा मीटर लावायला सांगा, नाहीतर सगळं अंदाजपंचे. सायन्सचं कॉलेज असेल तर लॅबमध्ये बघाच. फ्यूम हूड, म्हणजे घातक वाफा ओढून घेणारं काचेचं कपाट, सतत हवा बाहेर फेकत असतो आणि ती हवा आपणच पैसे घालून थंड नाहीतर गरम केलेली असते, नवीन हूड असेल तर पुढची काच खाली ओढली की हवा कमी खेचतो. हार्वर्डमध्ये यासाठी लॅबा-लॅबांत मोहीम चालवलीये. दुसरं म्हणजे सॅम्पल साठवायचे उणे ८० अंशांचे फ्रीजर. उणे ७० वर ठेवले तरी वीज साधारण ३० टक्के वाचते. आमच्या मॅडमना पटवायला मला वर्ष लागलं, सॅम्पल खराब होतील ही भीती होती आणि ती मला समजते.

थंडगार: लॅब बरोबर, पण मोठा खर्च बिल्डिंगा गरम-थंड ठेवण्याचा. अमेरिकेतली कॉर्नेल युनिव्हर्सिटी २००० पासून कयुगा तलावाच्या खोलातल्या गार पाण्यावर कॅम्पस थंड करतेय, पाणी मिसळत नाही, फक्त उष्णता तलावाकडे जाते. स्टॅनफर्डने २०१५ मध्ये गॅसचा जुना प्लांट बंद केला, आता एका बिल्डिंगमधून काढलेली उष्णता दुसरीला देतात, मला हे फार आवडतं. पैसे कुठून आणायचे विचाराल तर फिरता फंड करा, बिलात जेवढं वाचेल तेवढं परत फंडात, मग पुढचं काम.

मोजूनच_बोला: 'कार्बन न्यूट्रल' (म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्य) जाहीर करायची घाई नको. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीने २०१३ मध्ये २०२५ चं टार्गेट ठेवलं होतं, नंतर कार्बन क्रेडिट (दुसऱ्यांनी कमी केलेलं उत्सर्जन आपल्या नावावर) विकत घेण्यापेक्षा २०४५ पर्यंत स्वतःचंच उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत किमान ९० टक्के कमी करायचं ठरवलं. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. आणि येण्याजाण्याचं, विमानप्रवासाचं उत्सर्जनही मोजा, ते बरेचदा राहूनच जातं.

हिरवी_वाट: खूप आभार सगळ्यांचे! ऑफिसकडे वर्षभराची बिलं मागितली तर कळलं हॉस्टेलला वेगळा मीटरच नाहीये, पहिला अर्ज त्याचाच देते. लॅबवाली, सगळ्या फ्रीजरचं तापमान एकदम बदललंत का?

लॅबवाली: नाही गं, एकेक. ज्यात सगळ्यात कमी नाजूक सॅम्पल आहेत तो आधी.